दोन डझन रबरी पारवे: एका निसर्ग गटाचं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका पक्षीनिरीक्षक गटाचं आहे. गटाच्या विनंतीवरून माणसांची, शाळांची आणि दुकानांची नावं गाळली आहेत. घटनाक्रम त्यांच्या नोंदवहीवरून आणि प्रत्यक्ष बोलण्यातून लावला आहे. मधली मतं माझी आहेत.

पार्श्वभूमी

हा गट आठवी-नववीच्या मुलांना पक्षीगणना शिकवतो. शिकवण्याची रीत अशी: शाळेच्या मैदानात किंवा एखाद्या संस्थेच्या झाडी असलेल्या आवारात सरळ दोरी आखायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना कमी-जास्त अंतरावर नकली पारवे काड्यांवर खोचायचे. मुलं दोरीवरून चालतात, दिसले तेवढे मोजतात आणि प्रत्येकाचं अंदाजे अंतर लिहितात. शेवटी खरा आकडा सांगितला जातो. दोरीलगतचे सगळे सापडलेले असतात, लांबचे सुटलेले असतात. अंतर वाढतं तसं नजरेतून निसटणं वाढतं, आणि गणनेचं गणित याच निसटण्यावर उभं असतं. खऱ्या पक्ष्यांवर हे शिकवता येत नाही, कारण तिथे खरा आकडा कोणालाच ठाऊक नसतो.

हे पारवे इंग्लंडहून आले होते. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्याचे (सगळे त्यांना काका म्हणतात) मेहुणे तिकडे शेतीच्या भागात राहत. तिथे वुड पिजन नावाचं कबूतर मोहरीवर्गातल्या पिकांवर आणि वाटाण्यावर तुटून पडतं. ते टिपण्यासाठी शेतात नकली कबुतरं मांडून खरी खाली उतरवतात. तिकडे ते सरकारी परवान्याच्या चौकटीत चालतं. मेहुण्यांच्या शेजाऱ्याने ते काम सोडलं तेव्हा त्याच्याकडचं पोतंभर सामान काकांकडे आलं. पोकळ, मऊ, पोटाला काडीसाठी भोक असलेली दोन डझन कबुतरं.

वुड पिजन आपल्या पारव्यापेक्षा दांडगा असतो. त्याच्या मानेवर पांढरा डाग आणि पंखावर पांढरा पट्टा असतो. गटाने ते पांढरं झाकून पंखावर पारव्याचे दोन काळे पट्टे काढले. आकार थोडा मोठा राहिला, तो चालवून घेतला.

मऊ असण्याचे फायदे वापरताना कळत गेले. दाबून पिशवीत भरता येतात, मुलाच्या पायाखाली आले तर फुटत नाहीत, वाऱ्यावर काडीवर हलके डुलतात. सर्वांत मोठा फायदा म्हणजे उन्हात चकाकत नाहीत. वर्षानुवर्षं तीच नकली कबुतरं असल्यामुळे यंदाच्या मुलांची नजर गेल्या वर्षीच्या मुलांशी ताडून बघता येत होती. काही बदलली आणि काही जुनी राहिली, तर मुलाचं चुकणं कोणतं आणि वस्तूतला फरक कोणता, हे कळायला मार्ग उरला नसता. ‘सेम टू सेम’ हवीत हा पुढचा सगळा हट्ट इथून आला.

अडचण

पारवे काकांच्या घरी टिनाच्या छताखालच्या माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पोत्यात ठेवलेले असत. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा असतो, आणि टिनाखालचा माळा त्याहून बराच तापतो. एका ऑक्टोबरात पोतं उघडलं तेव्हा काहींच्या मानेला बारीक आडव्या भेगा पडलेल्या होत्या. काही चिकट होऊन एकमेकांना लागले होते. काही दबून चपटे झाले होते ते परत फुगेनात. एकाच्या मानेभोवती कोणीतरी आधाराला उघडी तांब्याची तार गुंडाळली होती, तिथलं अंग गुळाच्या पाकासारखं झालं होतं.

नवे घेऊ म्हणून मेहुण्यांना फोन केला. त्यांनी तिकडच्या दुकानांत विचारलं. ते मऊ रबरी मॉडेल बनायचं थांबलं होतं. आता मिळतात ती कडक प्लॅस्टिकची, वरून मखमलीसारखी लव चिकटवलेली किंवा कापडाची.

पहिला निर्णय: शोध

गटाने आधी शोध धरला. मेहुणे जुन्या सामानाच्या जाहिराती बघू लागले आणि एक सदस्य इथून फोटो मागवू लागला.

यातून दोन गोष्टी लक्षात आल्या. विकणारा माणूस मऊ असलेल्या प्रत्येक वस्तूला रबर म्हणतो, त्यामुळे जाहिरातीतल्या त्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. पुढे गटाने विकणाऱ्याला विचारायच्या गोष्टी ठरवून टाकल्या: पोटाकडचा जोड आणि भोक दिसेल असा फोटो, वजन, आणि मान हाताने वाकवून सोडतानाचा छोटा व्हिडिओ. वाकवल्यावर भेगा उघडतात का आणि मान परत जागेवर किती लवकर येते, हे त्यात दिसतं.

दुसरी गोष्ट गटातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी सांगितली. ‘न वापरलेलं, डब्यासकट’ असं वाचून सगळे हरखले होते. पण डब्यात बंद असलं तरी रबराचं वय थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला लागतच असतो. वीस वर्षं डब्यात पडलेलं रबर हे वीस वर्षांचंच रबर.

तरीही एक लहान गठ्ठा घेतला गेला. कुरिअरने मागवायचा की नाही यावर बराच खल झाला. जगभरच्या कस्टम्स वर्गीकरणात शिकारीसाठीचे नकली पक्षी ९५०७ या शीर्षकाखाली, मासेमारीच्या गळांबरोबर येतात. कागदावर शिकारीचं सामान असं लिहून येणारी पेटी कस्टम्समध्ये किती अडेल, याची धास्ती होती. शेवटी भारतात येणाऱ्या एका नातेवाइकाच्या सामानातून ती आली.

माझ्या मते हा निर्णय आधी घ्यायचाच नव्हता. त्याचं कारण पुढे येईल.

बाजूचा प्रश्न: कायदा

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं आणि या सगळ्याचा प्रयत्नही येतो. पाळलेला तितर बोलता ठेवून रानातला तितर फाशात धरायची रीत आपल्याकडे जुनी आहे, त्यामुळे नकली पक्षी हातात दिसला की वनरक्षकाच्या मनात काय येईल हे सांगायला नको. मुलांना मोजणी शिकवणं हा गुन्हा नाही. पण गटाने स्वतःला नियम घालून घेतले: वनक्षेत्रात आणि तलावाकाठी पारवे न्यायचे नाहीत, ते मांडलेल्या जागी दाणे टाकायचे नाहीत, पिशवीत शाळेचं पत्र ठेवायचं आणि काम संपलं की मोजून परत भरायचे. मला हे नियम रास्त वाटतात. त्यातही मोजून भरण्याचा नियम सर्वांत उपयोगाचा, कारण झाडीत विसरलेला एक पारवा पुढच्या वेळचा सगळा हिशेब बिघडवतो.

दुसरा निर्णय: पंक्चरवाला

इकडे काकांनी भेगाळलेले पारवे घेऊन घराजवळच्या सायकल पंक्चरच्या दुकानात बसकण मारली. पंक्चरवाल्याने घासून, सोल्युशन लावून, सुकू देऊन ट्यूबच्या पातळ चकत्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी बऱ्याच चकत्या पक्क्या होत्या, पण काही नखाने सोलून निघाल्या. तो म्हणाला, “काका, हे सारे रबराचे नाही होय. काहीवर सोल्युशन धरूनच नाही राहिलं.”

सगळ्या प्रकरणाची किल्ली या वाक्यात होती, आणि ती कोणी उचलली नाही. काकांना वाटलं घासणं कमी पडलं असेल. पुन्हा घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा निघालं. दरम्यान एकाने चिकटपणा घालवायला दोन पारवे पेट्रोलने पुसले. पेट्रोल, रॉकेल, मशीनचं तेल, व्हॅसलीन हे सगळं नैसर्गिक रबरात मुरतं आणि त्याला फुगवतं. एका पारव्याची मान त्यात कायमची वाकडी झाली.

उलगडा: थर्माकोलची पेटी

माळ्यावरून काढलेले पारवे तात्पुरते थर्माकोलच्या पेटीत ठेवले होते. काही आठवड्यांनी पेटी रिकामी केली तर तळाशी काही पारव्यांच्या पोटाचे खड्डे पडलेले. थर्माकोल वितळल्यासारखा झाला होता, पण सगळ्यांखाली नाही.

हे मॅडमनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. पीव्हीसी हे एक प्लॅस्टिक. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि थर्माकोलला खातं. रबर असं करत नाही. खात्रीसाठी त्यांनी शाळेच्या मोकळ्या गच्चीवर जुनी परीक्षा केली. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, पारव्याच्या पोटाच्या कडेला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. त्यातून निघणारा धूर वाईट असतो, म्हणून कणभरच घ्यायचं आणि उघड्यावर, धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला उभं राहूनच करायचं.

दोन डझनांतले जवळपास एक तृतीयांश पीव्हीसीचे निघाले. पंक्चरवाल्याची चकती ज्यांच्यावर टिकली नव्हती, नेमके तेच. परदेशातून आणलेल्या गठ्ठ्याची परीक्षा घेतली तेव्हा त्यातलेही निम्मे पीव्हीसीच. एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसणारे दोन वेगळे पदार्थ एकाच पोत्यात पडून होते, आणि पीव्हीसीतून झिरपणारं द्रव्य शेजारच्या रबरालाही लागत होतं.

पर्यायांची पुन्हा मांडणी

आता प्रश्न बदलला. ‘तसेच कुठे मिळतील’ ऐवजी ‘आपल्याकडे नेमकं काय आहे आणि त्यातलं काय वाचेल’ यावर बैठक झाली.

कडक प्लॅस्टिकची पोकळ कवचं सहज मिळण्यासारखी होती. त्यांची चकाकी मॅट रंगाने मारता येते, पण ती आदळली की आवाज होतो, पडली की फुटतात, आणि आकारही वेगळा होता. चपलांसाठी वापरतात त्या ईव्हीए शीटचे सपाट कापलेले पारवे सर्वांत स्वस्त पडले असते. एका सदस्याने नमुना करूनही आणला. बाजूने तो छान दिसला, पण समोरून पाहिलं की फक्त एक रेघ. दोरीवरून चालणाऱ्या मुलाला पारवा कुठल्याही कोनातून दिसायला हवा, म्हणून तो बाद झाला. परदेशातून आणखी मागवणं आता कोणालाच नको होतं.

उरले दोन मार्ग: आहेत ते नीट दुरुस्त करायचे आणि कमी पडतील ते इथेच साच्यात ओतून बनवायचे. दुरुस्ती सगळ्यांना मान्य होती, ओतण्यावर मतभेद झाले. काकांचं म्हणणं, ओतलेला पारवा ‘तोच’ राहत नाही. मॅडमचं म्हणणं, पोत्यातलेही कधी एकसारखे नव्हतेच, आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. मला मॅडमचं म्हणणं पटतं.

केलेली कामं: दुरुस्ती

रबरी पारवे सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, सावलीत सुकवले आणि शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड चोळली. पृष्ठभागाचा हलका चिकटपणा त्याने झाकला जातो. आतपर्यंत मऊ पडलेल्याला मात्र उपाय नाही, असे दोन वगळले. भेगांवर पंक्चरवाल्याच्याच पद्धतीने, पण आतल्या बाजूने चकत्या बसवल्या, म्हणजे बाहेरून ठिगळ दिसत नाही. तांब्याच्या तारेची जागा कापून काढली. तांबं रबराचं कुजणं झपाट्याने वाढवतं, हे टायर-ट्यूबच्या धंद्यात जुनंच ठाऊक आहे. आता काड्या बांबूच्या आणि बांधायला सुती दोरा.

पीव्हीसीचे चपटे झालेले पारवे हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात धरले, आकार आला की आत सुती चिंध्या भरून थंड केले. त्यांच्या फटींना हवा भरायच्या खेळण्यांसाठी मिळतात त्या व्हिनाइलच्या चकत्या आणि त्यांचाच गोंद लावला.

केलेली कामं: ओतकाम

महाल भागातली चितार ओळ गणपतीच्या मूर्तींसाठी नागपूरभर ओळखली जाते. मूर्तीच्या धंद्यात रबराचे साचे लागतात, त्यामुळे लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, हाताळणारी माणसं त्या भागात सापडतात. अशाच एका साचेवाल्याकडे सर्वांत धड राहिलेला पारवा नेला. त्याच्या रोजच्या कामाच्या हे उलटं होतं. तो रबराचा साचा करून त्यात प्लॅस्टर ओततो, इथे प्लॅस्टरचा साचा करून त्यात रबर ओतायचं होतं.

पहिला अडलेला मुद्दा तेलाचा. प्लॅस्टर चिकटू नये म्हणून तो साच्याला तेल लावतो. मॅडमनी हट्टाने साबणाचं घट्ट पाणी लावायला सांगितलं, नाहीतर मूळ पारवाच खराब झाला असता. पारवा आत दबू नये म्हणून त्यात बारीक वाळू ठासली, शाडूत अर्धा बुडवला आणि दोन तुकड्यांचा साचा घेतला.

प्लॅस्टर लेटेक्समधलं पाणी शोषून घेतं आणि साच्याला आतून साय धरते. हवी तेवढी जाड झाली की उरलेलं लेटेक्स परत ओतून घ्यायचं. पहिला नग साच्यातून बरा निघाला आणि संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकली. बाजारातून आणलेलं लेटेक्स साधं होतं. अमोनिया घालून टिकवलेलं, सुमारे ६० टक्के रबराचं असं लेटेक्स मुख्यतः केरळातून येतं, पण नुसतं सुकवल्यावर त्याला ताकद नसते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करायची रीत शोधली. ती प्रक्रिया द्रव अवस्थेतच करून ठेवलेलं, प्री-व्हल्कनाइज्ड लेटेक्स वेगळं मिळतं, ते आणावं लागलं. त्याचे नग उभे राहिले.

आणखी एक गोष्ट साचेवाल्याने शिकवली. साचा उघडण्याआधी भोकातून आत पूड फुंकायची. ताज्या लेटेक्सच्या दोन बाजू एकमेकांना टेकल्या की त्या परत सुटत नाहीत. “एकदा चिपकलं का मंग संपलं,” असं म्हणून त्याने फुकट गेलेला एक नग दाखवला. वाळवण सावलीत आणि हवेशीर जागी करायचं. एप्रिलात हे काम लवकर उरकतं, पावसाळ्यात रेंगाळतं.

रंग: सर्वांत मोठी कलाटणी

सुरुवातीला पंखाचे पट्टे ऑइल पेंटने काढले होते. तो मऊ अंगावर तडकतो, चकाकतो, आणि त्यातलं टर्पेंटाइन रबराला फुगवतं. आता प्री-व्हल्कनाइज्ड लेटेक्समध्ये पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग कालवला. तो अंगाबरोबर ताणला जातो आणि वाळल्यावर किंचित पूड चोळली की मॅट दिसतो.

जुने आणि नवे मिसळून मैदानात मांडले. नवे थोडे आकसून लहान झाले होते, तरी मुलांना ते आधी दिसत होते. ओतलेलं लेटेक्स पिवळट असल्यामुळे त्यावरचा करडा रंग उजळ दिसत होता. सदस्य आकारावर वाद घालत असताना फरक पडत होता रंगछटेने. मग जुने, नवे, पीव्हीसीचे अशा सगळ्यांना एकाच भांड्यातल्या रंगाचा एकच हात दिला. पुढच्या चाचणीत कोणता नवा आणि कोणता जुना हे लांबून सदस्यांनाही ओळखता आलं नाही. पोटाखाली तुकडीची खूण मात्र केलेली आहे.

परिणाम

आज गटाकडे पुन्हा दोन डझन वापरता येणारे पारवे आहेत: बहुतेक दुरुस्त केलेले, काही ओतलेले. जुन्या वर्षांशी थेट तुलना थांबवली आहे. नोंदवहीत त्या हंगामापासून नवी मालिका सुरू केली. काकांना याचं अजून वाईट वाटतं.

साठवणीची जागा माळ्यावरून तळमजल्यावरच्या, उन्हाची भिंत नसलेल्या खोलीत आणली. रबर साठवणीच्या प्रमाण नियमांत २५ अंशांखालचं तापमान सांगतात. नागपुरात ते एसीशिवाय शक्य नाही, म्हणून अंधार, हवाबंद पत्र्याची पेटी आणि घरातली सर्वांत थंड भिंत एवढ्यावर भागवलं. प्रत्येक पारवा सुती पिशवीत, मान न दुमडता ठेवतात, कारण ओझोनच्या भेगा ताण असलेल्या जागीच पडतात. पीव्हीसीचे वेगळ्या पेटीत, आणि थर्माकोल दोन्हीकडे वर्ज्य. होळीच्या आसपास एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पेट्या उघडून तपासतात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी छाननी. तार, ज्योत आणि एक दुपार, एवढंच लागत होतं. ते शोधाआधी झालं असतं तर परदेशी गठ्ठा घेतलाच गेला नसता, निदान वाकवण्याचा व्हिडिओ मागितल्याशिवाय तरी नाही. पंक्चरवाल्याने नेमकं निदान केलं होतं. त्याला ‘कोणकोणत्यावर धरत नाही, वेगळे काढून दे’ एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं.

रंगाची चाचणीही उशिरा झाली. कडक प्लॅस्टिकच्या एका कवचाला तोच मॅट हात देऊन मैदानात ठेवून बघायला हवं होतं. कदाचित ओतकामाची गरजच पडली नसती. त्या पर्यायावर गटाने कागदावरच फुली मारली, आणि ते मला अजून खटकतं. आवाज आणि फुटणं हे तोटे खरे आहेत, पण ते किती जाचतात हे कोणी पाहिलं नाही.

साचा शाबूत आहे. आता त्यातून हरियल काढायचा विचार चालू आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पिवळसर हिरवा, वडा-पिंपळाच्या पानांत बसलेला दिसत नाही, म्हणजे मोजणीच्या सरावाला अवघड आणि चांगला. काडीऐवजी फांदीला बांधायची सोय लागेल आणि आकारही लहान हवा, म्हणून कदाचित दुसरा साचाच करावा लागेल. साचेवाल्याने दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं आहे. आषाढापासून गणपती उठेपर्यंत त्याला मान वर करायला सवड नसते.